रबरी होडीतून उरणच्या दिशेने

पनवेलहून उरणला जायला चांगला रस्ता आहे. कंटेनरच्या मागे कंटेनर लागलेले असले तरी माणूस तासा-दीड तासात पोचतो. आम्ही तिघं पाण्यातून निघालो आणि अजून पोचलेलो नाही. न पोचलेल्या गावाचं प्रवासवर्णन लिहू नये असं मला वाटत होतं, पण आता ऑफिसात, सोसायटीत, भाजीवाल्याकडेसुद्धा लोक विचारतात, "काय, होडी काय म्हणतेय?" प्रत्येकाला निरनिराळं सांगण्यापेक्षा एकदाच खरं लिहून टाकावं.

माझी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात. कुठला ट्रक कुठे लावायचा, कुणाचा माल कधी सुटणार, हे बघत सत्तावीस वर्षं गेली. पाण्याविषयी माझं ज्ञान म्हणजे लोखंड त्यात बुडतं, एवढंच. त्यामुळे आमच्या मुक्ताने बोटीवर जायचं ठरवलं तेव्हा मी तीन दिवस ते गमतीवारी नेलं. बोटीवर म्हणजे मालवाहू जहाजावर, अधिकारी होण्यासाठी. तिने प्रवेशपरीक्षा दिली, पास झाली, मुलाखतही झाली. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. त्या तपासणीत कान नापास झाला. डावा.

मुक्ताचं म्हणणं, तपासणीच्या खोलीबाहेर जनरेटर चालू होता आणि तिला सर्दी होती. तिने अर्ज केला, पुन्हा तपासणीची तारीख मिळाली. सोमवार. त्या सोमवारपर्यंत घरात कानाचं नाव काढायचं नाही, असा न ठरवता ठरलेला नियम होता. ती जेवायला येई, ताट धुऊन ठेवी आणि खोलीचं दार लावून घेई. तीन आठवडे आमच्या घरात टीव्हीच काय तो बोलत होता.

डॉक्टरांनी पहिल्या वेळी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "लहानपणी कान फुटायचा का हिचा?" फुटायचा. दुसरीत-तिसरीत असताना दोन पावसाळे उशी ओली व्हायची. आम्ही लसणाचं तेल कोमट करून घालायचो आणि म्हणायचो, मोठी झाली की थांबेल. थांबलं. आम्ही खूश झालो. हे मी डॉक्टरांना सांगितलं, घरी कुणालाच नाही.

शनिवार, एकादशी

होडी माझ्या कल्पनेतून निघाली, हे आधी कबूल करतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं कर्जतकडे फार्महाउस आहे. तिथल्या तलावात खेळायला त्याने हवा भरायची रबरी होडी आणली होती. रंग निळा, दोन वल्ही, बाजूला इंग्रजीत लिहिलेलं: तीन माणसांसाठी. मी ती दोन दिवसांसाठी मागून आणली. विचार असा की मुलगी सोमवारच्या काळजीत आहे, तिला रविवारी जरा पाण्यावर फिरवून आणू, उरणला जेवू, बसने परत येऊ.

"अहो, जिला बोटीवर घेत नाहीयेत तिला तुम्ही होडीत बसवणार?" शुभांगी, म्हणजे माझी बायको, साबुदाणा परतता परतता म्हणाली.

"घेत नाहीयेत असं कुठंय? सोमवारी कळेल."

तिने झारा थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा परतायला लागली. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्या बघण्याचा अर्थ मला कळला, आणि मी तो न कळल्यासारखं केलं.

आश्चर्य म्हणजे मुक्ता खोलीतून बाहेर आली. होडीभोवती एक फेरी मारून तिने झडपा तपासल्या आणि म्हणाली, "लाइफ जॅकेट लागतील. आणि उद्या भरती नऊला आहे, नऊच्या ठोक्याला निघायचं. उशीर झाला तर जायचं नाही." तीन आठवड्यांतलं हे सगळ्यात लांब बोलणं. मी आनंदाने शेजाऱ्यांकडून लाइफ जॅकेट आणायला धावलो. त्यांच्याकडची दोन मोठी होती, एक त्यांच्या पाचवीतल्या मुलाचं. ते माझ्या वाट्याला आलं. माझ्या पोटावर त्याची टोकं एकमेकांना लांबूनच बघत राहिली.

रविवार, द्वादशी, सकाळ

उलव्याच्या पुढे, गव्हाणच्या अलीकडे, खाडीकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून हसत असतील. धक्क्यावर एक म्हातारी आजी जवळा वाळत घालत बसली होती. मी तिला विचारलं, "आजी, भरती किती वाजता?"

तिने बोटांची पेरं मोजली. "आज बारस. बाराची पाऊन, नव. नवाला पानी भरंल." तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते, असा तिचा हिशेब. मुक्ताने मोबाइल पाहिला. नऊ वाजून सहा मिनिटं. ती आजीकडे बघून चक्क हसली. मी शुभांगीला कोपर मारलं. तिनेही पाहिलं होतं.

तेव्हा साडेआठ वाजले होते. म्हणजे अर्धा तास हातात. हवा भरायला किती लागतो वेळ?

दीड तास लागतो. पंप पायाचा होता. मी भरतोय, होडी फुगतेय, अशी अर्धा तास समजूत होती. मग कळलं की मी बसायच्या पाटाची झडप आणि तळाची झडप यांची अदलाबदल केली आहे. पाट फळीसारखा टणक झाला होता आणि तळ मलूल. सगळं सोडून पुन्हा भरलं. मग शुभांगीने पिशवीतून नारळ काढला. पाण्यात पहिल्यांदा जायचं तर नारळ वाढवायलाच हवा. पण रबरी होडीवर कुठे वाढवणार? तिने हलकेच पुढच्या टोकावर आपटून बघितला, तर तो टुणकन उडून धक्क्यावरून घरंगळत पाण्यात गेला. "घेतला गं समुद्रानं," आजी म्हणाली. आम्ही तो शुभशकुन मानला.

यात साडेअकरा वाजले.

"नाही जायचं," मुक्ता म्हणाली. "पाणी अडीच तास उतरतंय."

आता मी काय केलं ते ऐका. मी युक्तिवाद केला. म्हटलं, उतरतं पाणी समुद्राकडेच जातं ना? आणि आपल्यालाही तिकडेच जायचंय. मग वल्हवायचं कशाला, पाणीच नेईल. रिकामा ट्रक परत जाताना माल भरून पाठवण्यात ज्याची हयात गेली त्याला हे बरोबरच वाटणार. मुक्ता थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. तिला जायचं होतं. सोमवारच्या आधी एकदा तिला होडीच्या पुढच्या टोकाला बसायचं होतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मी फायदा घेतला.

"मधली खोल वाट धरली तर जमेल," ती म्हणाली. "पण मी सांगेन तसंच."

ती पुढे बसली, तोंड उरणकडे. मधे मी वल्ही घेऊन. मी आधी तिच्याच दिशेने तोंड करून बसलो आणि पाण्याला नुसत्या थापट्या मारत राहिलो. तिने न वळता सांगितलं, "बाबा, उलटे बसा. वल्हवणारा मागे बघतो." मग मी उलटा बसलो, म्हणजे माझं तोंड मागे बसलेल्या शुभांगीकडे आलं. जोर लावला. दहा मिनिटं लावला. घाम आला, खांदे भरले, आणि धक्का होता तिथेच.

"दादा," आजी वरून म्हणाली, "दोरी सोरा ना आदी."

दोरी धक्क्याच्या कड्याला होती. मीच बांधली होती, मजबूत. मुक्ता इतकी हसली की होडी हलली. त्या हसण्यासाठी मी आणखी तासभर बांधलेल्या होडीत वल्हवलं असतं.

तेव्हाच, खाडीत

पहिली वीस मिनिटं सुंदर होती, हे लिहायलाच हवं, कारण पुढे सुंदर काही नाही. दोन्हीकडे तिवरांची हिरवी भिंत. थंडीचं ऊन. पाणी खरंच आम्हाला नेत होतं. शुभांगीने काकडीचं थालीपीठ काढलं, माझ्या तोंडात घास दिला. उजवीकडून वारा वाहत होता, मुक्ताचे केस एका बाजूला उडत होते. ती अधूनमधून हात वर करून दिशा दाखवी आणि मी उलटा बसलेला असल्याने शुभांगी मला ती भाषांतर करून सांगे. "उजवं मारा म्हणतेय. तुमचं नाही हो, तिचं उजवं."

पुढे खाडीला दोन फाटे फुटले. मुक्ताने हात उजवीकडे केला.

डावीकडे, तिवरांच्या सावलीत एक माणूस होडीत उभा राहून जाळं काढत होता. आमच्यापासून फार तर समोरच्या बिल्डिंगची गॅलरी असते इतक्या अंतरावर. त्याने हात तोंडाशी नेला. "ओ ताय, तिकरं नको. तिकरं पानी नाय."

मुक्ता पुढे बघत होती.

"ओ ताय. पानी नाय तिकरं. मांगं फिरा."

मुक्ताचा हात उजवीकडेच. तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा तिवरांतला बगळा उडाला.

माझ्यासमोर शुभांगीचा चेहरा होता. तिने ऐकलं होतं. मी ऐकलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं, "मुक्ता, तो काय म्हणतोय बघ." पण तसं म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की तिला ऐकू आलं नाही, आणि आम्हाला ते कळलं आहे, आणि सोमवार उद्यावर होता. शुभांगीने ओठ मिटले, मान अगदी थोडी आडवी हलवली. मी वल्हं मारलं. तिच्या उजवीकडे वळण्यासाठी जे मारायचं ते, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर मारलं.

ज्या आईबापांना हे वाचून आम्हाला मूर्ख म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं.

पंधरा मिनिटांनी वल्हं पाण्याऐवजी लोण्यात शिरल्यासारखं शिरलं. पुढच्या वेळी ते बाहेर येईना. होडीच्या तळाखालून कुणीतरी पाट सरकवल्यासारखं वाटलं आणि आम्ही थांबलो.

रविवार, दुपार

खाडीचं पाणी उतरतं तेव्हा आवाज होत नाही. तुम्ही बघत असता आणि बघता बघता पाण्याच्या जागी काळा, चकाकणारा गाळ असतो, त्यात हजार भोकं, आणि भोकातून निवट्या बाहेर येऊन डोळे वर काढून तुमच्याकडे बघतात. मासे असून चिखलावर उड्या मारतात. आम्ही माणसं असून हलू शकत नव्हतो.

मी पुरुष म्हणून खाली उतरून होडी ढकलायचं ठरवलं. मुक्ता "बाबा, नको" म्हणेपर्यंत एक पाय मांडीपर्यंत आत गेला होता. दोघींनी मला लाइफ जॅकेटला धरून वर ओढलं. जॅकेट पाचवीतल्या मुलाचं असल्याने ते आधी आलं, मी नंतर आलो, चप्पल आलीच नाही.

"सगळे खाली बसा. वजन मधे. कुणी उतरायचं नाही," मुक्ता म्हणाली. तिने घड्याळ पाहिलं. "तीनला तळ लागेल. मग परत भरायला लागेल. साडेपाचपर्यंत तरंगू. पाणी किती आहे प्यायला?" दीड बाटली. तिने ती आपल्याकडे घेतली आणि आईची ओढणी काढून आम्हा दोघांच्या डोक्यावर धरली. धक्क्यावरच्या चहावाल्याच्या टपरीचा नंबर तिने निघतानाच घेऊन ठेवला होता; मग त्यावर फोन करून आपण कुठे आहोत ते शांतपणे कळवलं. फोन उजव्या कानाला. मी बघत होतो आणि मला वाटत होतं, ही मुलगी जहाज चालवू शकेल. मी निवट्या मोजायला लागलो.

"मला कळत नाही," ती थोड्या वेळाने म्हणाली, "नकाशावर इथे पाणी दिसत होतं. माझं काय चुकलं?"

शुभांगीने पिशवीत हात घालून उगाच डबा शोधला.

"तुझं काही नाही चुकलं," मी म्हणालो. माझं हे बोलणं तिच्या डाव्या खांद्यामागून गेलं. तिने "अं?" केलं नाही. ती कधीच करत नाही. ती नुसती हसून मान हलवते, समोरच्याने जे म्हटलं असेल त्याला चालेल अशी. वर्षानुवर्षं मला वाटायचं, पोरगी शांत स्वभावाची आहे.

दोन-अडीचच्या सुमाराला तो जाळंवाला आला. पायी. त्या गाळातही त्याची एक कडक वाट होती, ती फक्त त्यालाच माहीत. गुडघ्यापर्यंत काळा, कमरेला निवट्यांची पिशवी. टपरीवाल्याने त्याला फोन केला होता. नाव बाळाराम.

"वाचलाव," तो म्हणाला. "आता बसा गप. पानी आला का मी होरी घेऊन येतो, खेचून नेतो." मग कमरेवर हात ठेवून त्याने आम्हाला नीट न्याहाळलं. "पन मी तीनदा वरडलो तवा. तिकरं नको, पानी नाय. तुमी तिगंबी भैरं काय?"

मुक्ताने त्याच्याकडे पाहिलं. "कधी?"

"कवा म्हंजे. फाट्यावं. या हाताला होतो मी." त्याने डावीकडे दाखवलं. "बगला उरला ना वो, एवऱ्यानं वरडलो."

मुक्ता आमच्याकडे वळली. आधी आईकडे.

"आई, तू ऐकलंस?"

शुभांगी कधी खोटं बोलत नाही. मी असतो तर म्हणालो असतो, वारा होता. "ऐकलं," ती म्हणाली.

"बाबा?"

"हो."

"आणि बोलला नाहीत."

बाळारामला काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं, कारण तो होडीच्या काठावर टेकला आणि उगाच बोलायला लागला. "आमचा बापूस दोनी कानांनी गेलेला. इंजिनाच्या होरीवं चालीस वर्सं. त्याला हाक मारायची तर चिखलाचा गोला फेकायचा पाटीवं. बरोबर वलायचा. शिव्या घालायचा, पन वलायचा."

"आणि होडी चालवायचे?" मुक्ताने विचारलं.

"मरेपातुर. सोताची होरी हाय, त्याला कोन तपासनार."

हे तो धीर द्यायला म्हणाला. तिचा चेहरा मी पाहिला आणि त्याने म्हटलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. जिथे तिला जायचं होतं तिथे तपासतात. रात्री धुक्यात दुसऱ्या जहाजाचा भोंगा कुठल्या बाजूने येतोय हे ज्याला कळत नाही त्याला तिथे उभं करत नाहीत, आणि तसंच करायला हवं. ती हे आमच्यापेक्षा चांगलं जाणत होती. पुस्तकं तिनेच वाचली होती.

शुभांगीने बाळारामला थालीपीठ दिलं. त्याने ते उभ्या उभ्या खाल्लं, "मीठ जास्त हाय" म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला.

त्यानंतरचे तीन तास मला नीट लिहिता येणार नाहीत. ऊन उतरत गेलं. निवट्या भोकात गेल्या. मुक्ता पुढे बसून राहिली, आमच्याकडे पाठ. एकदा मी म्हणालो, "लहानपणी तुझा कान फुटायचा, तेव्हा डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. आम्ही तेल घालत बसलो." मी हे हळू म्हटलं. खरं सांगायचं तर तिला ऐकू येऊ नये अशा बेताने म्हटलं. माझ्या समोर शुभांगी रडायला लागली. पुढून काहीच आलं नाही. ऐकलं की नाही, मला अजून माहीत नाही.

साडेपाचला गाळावर पाण्याची एक पातळ जीभ आली, मग दुसरी, आणि होडी आपोआप सुटी झाली. बाळारामने दोर लावून आम्हाला धक्क्यावर आणलं. आजी जवळा गोळा करत होती. तिने टोपली बाजूला ओढून आम्हाला वाट करून दिली.

सोमवार

"जायचंय का आज?" सकाळी शुभांगीने दाराबाहेरून विचारलं. मुक्ता तयार होऊनच बाहेर आली. "जाऊ. कागदावर येऊ दे."

तपासणीला या वेळी जनरेटर नव्हता. सर्दी नव्हती. काचेच्या खोलीत कानावर हेडफोन लावून ती बसली होती, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. बराच वेळ अंगठा पटापट हलला. मग तपासणाऱ्या बाईंनी मशीनवर काहीतरी फिरवलं आणि अंगठा थांबला. ती डोळे मिटून, श्वास रोखून वाट बघत बसली होती. मी काचेबाहेर माझाच अंगठा दाबून धरला होता.

पंधरा मिनिटांत झालं. कागद तिने स्वतः घेतला, उभ्याने वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. डॉक्टरांचे आभार मानले. मी मानले नाहीत.

बाहेर रस्त्यावर गर्दी होती, रिक्षा, हॉर्न. मी तिच्या डाव्या हाताला चालत होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "चहा घेऊया का कुठेतरी?" ती त्या नेहमीच्या पद्धतीने हसली, मान हलवली. चार पावलं गेलो. मग ती थांबली. माझ्या पाठीमागून वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला आली.

"हं," ती म्हणाली. "आता बोला. काय म्हणालात मघाशी?"